स्टासलिनचा नंबर

३ मार्च, मंगळवार

आमच्या स्टासलिन गायीने आज पुन्हा खुराकाच्या खणाला धडक दिली. दार वाकलं. बाबा म्हणाले, "व्यायली तेव्हापासून बघतोय. दूध नाही, नुसती मारामारी. पुढच्या शुक्रवारी कत्तलखान्याची गाडी बोलावलीय."

मी म्हटलं, खुराक मिळत नसेल तिला.

"तुझ्या यंत्रात तिच्यापुढे शून्य आहे. म्हणजे खात नाही. यंत्र तूच बसवलंस ना?"

बसवलं. ट्रॉनहाइम शहरातली नोकरी सोडून घरी आले त्याच महिन्यात. सव्वीस गायी, दोन खण, चिप बसवलेला एक डबा. गाय खणात शिरली की गळ्यातल्या पट्ट्याचा नंबर तारेतून डब्याकडे जातो, डबा मोटर फिरवतो, तिच्या वाटणीचा खुराक पडतो. बाकी पंचवीसजणींची काही तक्रार नाही.

४ मार्च

गुरांचा डॉक्टर येऊन गेला. दात ठीक, पोट ठीक. "भुकेली आहे," म्हणाला. एवढं तर तीही सांगतेय.

६ मार्च, शुक्रवार

धारा झाल्यावर स्टूल टाकून गोठ्यातच बसले. लीटागो ही आमची दादागिरी करणारी गाय. तिच्यासमोर कुणाची टाप नाही. ती पहिल्या खणात गेली की स्टासलिन संधी साधून दुसऱ्यात घुसते. दर वेळी. लीटागोची मोटर फिरत असतानाच.

आणि माझा डबा! मोटर फिरवताना दुसरीकडे बघतच नाही. मोटर थांबली की मग विचारतो — काही आलं का? तोवर स्टासलिनच्या नंबरातले आकडे एकामागून एक येऊन गेलेले. चिपच्या ओंजळीत दोन-तीनच मावतात, बाकीचे सांडतात. अर्धवट नंबर म्हणजे डब्याच्या लेखी गाय आलीच नाही.

चूक माझी. बाबांना सांगितलं नाही. आधी दुरुस्त करते.

८ मार्च

विचारत बसणं बंद. इंटरप्ट लावला. आता आकडा आला की तोच चिपला हातातलं काम थांबवायला लावतो.

स्टासलिनला खुराक मिळाला! पण डबा तिचं वाढण्यात गुंतला आणि तोवर लीटागोची मोटर थांबवायला कुणी नव्हतं. लीटागोपुढे खुराकाचा डोंगर. बाबा फावडं घेऊन आले, उपसायला लागले.

९ मार्च

कॉलेजातल्या आयलिफला फोन केला. पोट धरून हसला. "अगं, दारात पत्र आलं तर घ्यायचं, टेबलावर ठेवायचं, परत कामाला लागायचं. तू दारातच उभी राहून उत्तर लिहीत बसलीस."

खरंय. इंटरप्टने आकडा फक्त उचलून रांगेत ठेवायचा. वाढायचं काम नंतर.

१० मार्च, मंगळवार

सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. लीटागोची मोटर थांबली. मग दुसरी फिरली. स्टासलिन दचकून दोन पावलं मागे. मग जे तोंड घातलं ते वर काढेना.

न्याहारीला बाबांना सांगून टाकलं. गायीची नाही, माझी चूक होती.

त्यांनी ब्रेडवरचं तपकिरी चीज संपवलं. मग, "गायीची माफी मागितलीस?"

"मागितली."

"काय म्हणाली?"

"खात होती."

हसले थोडे. मग म्हणाले, "तू आहेस तोवर चालेल तो डबा. उन्हाळ्यात परत शहरात गेलीस की मी कुणाला विचारू?"

मी जाणार असं कोण म्हणालं? पण ते तोवर कॉफी ओतायला उठले होते.

१२ मार्च, गुरुवार

स्टासलिनचं दूध वाढलं. बाबा म्हणाले, राहू दे तिला. ते ट्रॅक्टरने बर्फ सारत होते, म्हणून कत्तलखान्यात फोन मीच केला.

"उद्याची एक गाय रद्द," तिकडची बाई म्हणाली. "तुमच्या बाबांनी मे महिन्यासाठी नोंदवलेल्या बाकीच्या पंचवीस तशाच ठेवू ना?"

म्हणजे सगळा गोठाच. खिडकीतून बाबांची टोपी दिसत होती.

"त्याही रद्द करा," मी म्हणाले.

आता ते जेवायला येतील तेव्हा सांगायचंय.