सातचा भोंगा

कडेगाव,
१४ ऑक्टोबर २०२२

ती. अक्का,

लालाचा नमस्कार. भाऊजींनाही सांग. इकडं सगळं ठीक. फोन सोडून पत्र आलं म्हणून दचकू नकोस. फोनवर बोललो की तुझी दीपा इथं शेजारच्या खोलीतून ऐकते. पोरीनं कान मामाचे घेतलेत.

एक सांगायचं राहिलं होतं. गावासाठी मी भोंगा बनवलाय. लागलं काय, तर भंगारातली एक मोटार, थोडी तांब्याची तार, दोन रविवार आणि माझ्या डाव्या अंगठ्याचं नख. अजून एक लागलं, ते पुढं लिहितो.

रोज संध्याकाळी सातला देवळावर वाजतो. वाजला की घरोघरचे टीव्ही, मोबाइल बंद आणि पोरं अभ्यासाला. तुला ठाऊकच आहे, पंपांच्या जळक्या मोटारींत नवी तार भरता भरता माझं आयुष्य गेलं. रस्त्यावरनं जाताना सांगतो, कुणाचं बेअरिंग गेलंय. मला न कळलेला आवाज अजून निघाला नाही, असं मी चारचौघांत म्हणतो.

दीपालाही म्हणालो. शेजारच्या गावापर्यंत ऐकू जातो गं, असंही सांगितलं. ती म्हणाली, "मामा, वाजायच्या आधी मला सांगत जा." मी हसलो. सांगायचं विसरलो.

पहिल्या दिवशी भोंगा झाला आणि ती जिन्याकडं पळाली. खाली लपायला नाही, वर. गच्चीशेजारच्या खोलीतनं आपल्या आईला पाठीवर घेतलं आणि जिन्याखाली कांदे ठेवतो तिथं आणून बसवलं. आई हसत होती. "आगं, मी काय पोतं हाय व्हय?"

मग रोज सातला तेच. शिरवळला हायवेच्या ट्रकांचा त्रास होतो म्हणून तू तिला शांत जागी पाठवलीस, आणि मी हे. ग्रामपंचायतीत विषय निघाला. सरपंच बिरदेव म्हणाला, "लालासाहेब, एका पोरीपायी गावाचा अभ्यास बुडवायचा व्हय?" सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, "सवय हुईल तिला."

अक्का, सोमवारी दोघी जिन्यात पडल्या. दीपाला खरचटलं. आईचं मनगट मोडलं. प्लास्टर घातलंय, दुखणं कमी आहे. घाबरू नकोस, पण हेच लिहायला चार दिवस पेन उचलत नव्हतं.

दवाखान्यातनं आल्यावर आई मला म्हणाली, "पोरीला बोलू नगंस. ती मला टाकून गेली न्हाई."

त्याच रात्री दीपा आईला सांगत होती, मी दाराआडनं ऐकलं. खारकीव्हला शिकायला होती, लढाई सुरू झाली तेव्हा तिच्या वरच्या मजल्यावर एक म्हातारी राहायची, गुडघे गेलेली. भोंगा झाला की ह्या पोरी तिला धरून तळघरात न्यायच्या. एकदा ती म्हणाली, तुम्ही व्हा पुढं, चहाखालचा गॅस बंद करून आले. दीपा पुढं झाली. बॉम्ब पडून गेल्यावर वर आली तर तो मजलाच नव्हता. स्वयंपाकघराची एक भिंत उभी होती, खिळ्याला झारा लटकत होता.

तुला हे सांगितलंय का तिनं? नसणार.

परवा रात्री देवळावर चढलो आणि मोटार उतरवली. खालनं बिरदेव म्हणाला, "एका पोरीपायी?" मी म्हटलं, "व्हय." मोटार आता दुकानात पडून आहे, वायर कापलेली. आईचं अंथरूणही खालच्या खोलीत आणलं. वाटलं, मिटलं.

तू निघून ये. भाऊजींना कारण काही सांग, पण ये.

काल सातला भोंगा वाजला नाही. दीपा वाचत बसली होती. सात वाजले तशी उठली, जिना चढली आणि वरच्या रिकाम्या खोलीत उभी राहून कुणाला तरी खाली बोलवत राहिली. मी पायरीवर उभा होतो. भाषा मला कळली नाही.

तुझा,
लाला