कानसेनाचं घर

४ जून, गुरुवार

आज एकदाचं सामान लागलं. सामान तरी कितीसं? दोन बॅगा, शिवणयंत्र आणि विणकामाची पिशवी. चाळिशीत लग्न केलं की बाई सामान कमी आणि सवयी जास्त घेऊन येते.

माझी मोठी सवय एकच. घरी बसून सिनेमे, मालिका बघायच्या आणि रोजनिशीत त्यांवर मत ठोकून द्यायचं. मला विचारतं कोण? कुणीच नाही, म्हणून तर लिहिते. माझं मोजमाप विणकामाचं. सुया चालत राहिल्या तर सिनेमा टुकार, मांडीवर थबकल्या तर झकास.

आणि नशीब बघा, नवरा मिळाला तो सिनेमांना आवाज पुरवणारा! पावलं, दारं, काच फुटणं, सगळं हा घरातल्याच एका खोलीत तयार करतो. खोलीला आतून जाड गाद्या ठोकल्या आहेत. मी त्याचं नाव कानसेन ठेवलंय. टाचणी पडली तरी ती कुणाच्या हातून पडली ते सांगेल असा कान आहे त्याचा. नाव ऐकून तो लाजला. मला आवडला तो लाजताना.

वन्सं, म्हणजे त्याची मोठी बहीण, खालच्या मजल्यावर राहतात. ब्लाउज शिवायला माझ्या दुकानात यायच्या. माझा मोकळा आवाज त्यांना आवडला म्हणे, आणि लग्न त्यांनीच जुळवलं. कानसेनाची पहिली बायको त्याला सोडून दूर कुठेतरी निघून गेली. तो विषय इथे निघत नाही, मीही काढत नाही. झाकली मूठ.

वरच्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या, न्हाणीघर, छोटंसं स्वयंपाकघर. खिडकीतून एक बेकरी दिसते. जिना अरुंद आहे, पण कठडा गुळगुळीत, हात ठेवला की छान वाटतं. सुखात आहे मी.

९ जून, मंगळवार

संध्याकाळी धरणाचा सिनेमा पाहिला. आवाज कानसेनाचेच. गोष्ट शिळ्या कढीला ऊत. इंजिनियर शहाणा, त्याचा साहेब लबाड, धरणाला तडा. नायक भिंतीला पाठ लावून उभा राहतो तो अगदी उंची मोजून घ्यायला उभा राहिल्यासारखा. पाऊण बाही विणून झाली माझी.

पण शेवटी साहेबाची बायको वरून पडते, तेव्हा सुया थांबल्या. काय ती किंकाळी! आधी नुसता आश्चर्याचा हुंकार, मग कुणाला तरी हाक मारायला घेतल्यासारखी, आणि मध्येच तुटलेली. मी कानसेनाला म्हटलं की बाकी सगळी नाटकं, पण ही बाई खरी. नट्या किंचाळतात तेव्हा त्यांना माहीत असतं की आपण किंचाळतोय. हिला माहीत नव्हतं.

तो इतका खूश झाला की टीव्ही बंद करून माझ्याकडे वळून बसला. नक्की कुठे खरं वाटलं, का वाटलं, सगळं खोदून खोदून विचारलं. माझ्या मताला एवढी किंमत जन्मात कुणी दिली नव्हती. किंकाळी कुणाची, विचारलं. जुन्या साठ्यातली आहे म्हणाला.

२१ जून, रविवार

आई गेली. तिकडचं सगळं उरकून काल परत आले.

तिथे रडू आलंच नाही. इथे न्हाणीघरात शिरले, नळ सोडला आणि मग आलं. टॉवेल तोंडात कोंबला होता. आई, मला न सांगता गेलीस, असं काहीतरी बडबडत होते. मला रडताना उचक्या लागतात, लहानपणापासूनच. बाहेर आले तर कानसेन चहा घेऊन उभा. नुसता शेजारी बसून राहिला. असा माणूस सोडून पहिली कशी गेली असेल?

१० जुलै, शुक्रवार

महिनाभर काही पाहिलं नव्हतं. आज कानसेनाने आग्रह केला म्हणून परिचारिकेच्या मालिकेचा नवा भाग लावला. वन्संही नेहमीसारखं दोनदा खोकत वर येऊन बसल्या.

भाग बरा होता. परिचारिकेची आई वारते आणि ती औषधांच्या कपाटामागे जाऊन रडते. या नटीला मी कायम ठोकळा म्हणत आले, पण आज तिने पाठमोरी उभी राहून असं रडून दाखवलं की माझ्याही डोळ्यांना धार लागली. दबलेलं, गुदमरलेलं रडणं. शब्द कळत नव्हते. मध्येच उचकी.

मग दुसरी उचकी. ती ओळखीची होती.

नटीची नव्हतीच ती. माझी होती. टॉवेलातून आलेली.

मी वळून पाहिलं. हे दोघं पडद्याकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते.

११ जुलै, शनिवार

सकाळी त्याला सरळ विचारलं. नाकारलं नाही त्याने. पावाला लोणी लावत म्हणाला, "तू एवढं रडलीस. ते वाया का जाऊ द्यायचं?"

माझी आई. माझं रडणं. ते एका ठोकळ्याच्या तोंडी घातलं यानं. आणि चहा घेऊन दाराशी उभा होता तो मला धीर द्यायला नव्हे, तर रडणं संपल्यावर यंत्र बंद करायला.

वन्संकडे गेले. वाटलं, बाईचं दुःख बाईला कळेल. त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या की तो लहानपणापासून असाच आहे, मनाला लावून घेऊ नकोस. आणि वर हेही की जमेल तेवढं आपणहून देत जा, म्हणजे तो मागत नाही.

काय मागत नाही, ते बोलल्या नाहीत.

१४ जुलै

माइक सापडले. खिडकीच्या पडद्याच्या दांडीत, न्हाणीघराच्या झरोक्यात, पलंगाच्या डोक्याशी. पलंगाच्या डोक्याशीसुद्धा. काय काय ऐकलंय यानं, आठवून अंग शहारतं. मी सगळे उपटून त्याच्या टेबलावर टाकले. तो शांतपणे वायरी गुंडाळत बसला. पुन्हा असं करणार नाही म्हणाला, माफी मागितली, हात हातात घेतला.

मी विरघळले. कुठे जाणार होते? दुकान मोडलंय, आई नाही.

समेट झाला म्हणून त्याने एका नव्या सिनेमाचा तुकडा दाखवला आणि मत विचारलं. नायिका अंधाऱ्या जिन्यात दचकून किंचाळते. मी नेहमीसारखं खरं बोलले. म्हटलं, खोटी आहे, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, या पोरीला जन्मात कुणी घाबरवलेलंच नाही.

त्याने तो तुकडा पुन्हा लावून ऐकला. मग म्हणाला, "बरोबर आहे तुझं. दुसरी लागेल."

२० जुलै

तो कामाला बाहेर गेला होता. आपलं अजून काय काय वापरलंय ते शोधायला त्याच्या खोलीत गेले, मोठे हेडफोन लावले. धरणाचा सिनेमा सहज समोर आला. किंकाळीपाशी थांबले, पुन्हा ऐकली.

टीव्हीवर ऐकू आलं नव्हतं ते आता आलं. किंकाळी तुटते, धप्प आवाज होतो आणि त्याच्या तळाशी, अगदी बारीक, कुणीतरी खोकतं. दोनदा, मध्ये एक आवंढा गिळून.

वन्सं अशा खोकतात.

कानसेनाला तो खोकला ऐकू आला नसेल? शक्यच नाही. त्याने तो राहू दिला. तोही खरा होता ना.

खाली जाऊन विचारलं, पहिली कुठे आहे. वन्संनी दार लावून घेतलं. जिन्यावरून पडली म्हणाल्या. आणि तुम्ही? त्या म्हणाल्या, मी खालीच होते. मग इतक्या वर्षांत कुणाला सांगितलं का नाहीत? माझा भाऊ आहे गं तो, म्हणाल्या.

मी म्हटलं, हे सगळं ठाऊक असून तुम्ही मला या घरात आणलंत?

त्यांनी माझा हात हातात घेऊन बोट निरखलं. मग म्हणाल्या, "दुकानात एकदा तुझ्या बोटात मशीनची सुई गेली होती. तू ओरडलीस. मी घरी येऊन त्याला सांगितलं, अशी पुन्हा मिळायची नाही."

२३ जुलै

फोन सापडत नाही. जिन्यातला दिवा गेलाय, तो म्हणतो आणतो, आणत नाही. कठडा हलतो. परवापर्यंत हलत नव्हता. वाकून पाहिलं, वरचे स्क्रू काढलेत.

माझ्याशी गोड बोलतो. आता जेवतानासुद्धा माझ्या गळ्याकडे बघतो.

२४ जुलै

खालच्या दाराला कुलूप. किल्ली वन्संकडे. पाया पडले त्यांच्या. उद्या जेवणानंतर तो बाहेर जाईल तेव्हा उघडते म्हणाल्या. रडल्या. विश्वास ठेवावा? दुसरं आहे कोण—

२५ जुलै, दुपार

बॅग भरून पलंगावर बसलेय. जेवण झालं. गाडी सुरू झाल्याचा आवाज अजून नाही.

खिडकीतून हाका मारल्या. बेकरीचं दार बंद. खिडकीला गज—

खाली बोलणं चाललंय. वन्संचा आवाज. "वरच आहे. निघायच्या तयारीत आहे." मग खोकला.

सांगितलं. सांगून टाकलं त्यांनी.

आता सगळं शांत. जिन्यावर पावलं नाहीत. पण ज्याचा धंदाच पावलांचा, त्याला न वाजवता चढता येणारच. दाराच्या फटीतून एक वायर आत सरकली. टोकाशी माइक—

तो दाराबाहेर आहे. श्वास ऐकू येतोय. हाक मारतो, लाडाने, ये ना बाहेर.

एक ठरवलंय. हे त्याला मिळू द्यायचं नाही. टॉवेल दातांत घट्ट धरलाय. काही झालं, काहीही झालं तरी माझ्या तोंडून एक