जिन्यातली काठी

धायरी, पुणे
१२ फेब्रुवारी २००२

प्रिय बाबा,

एकाच घरात राहून पत्र लिहिते आहे, याचे तुम्हाला हसू येईल. पण समोर बसून मी शब्द जुळवू लागते आणि तेवढ्यात तुमचा चहा संपतो. म्हणून हे तुमच्या चष्म्याच्या घरात ठेवते आहे.

गेल्या महिन्यात सिनेमासाठीच्या माझ्या ध्वनिमुद्रणाकरता तुम्ही आपल्या इमारतीचा जिना चढलात. गुडघा दुखत होता, मला हवा होता तो केवळ तुमच्या काठीचा आवाज, तरी तुम्ही इस्त्रीचा सदरा घातला होतात. खालच्या नागोरावकाकांना ऐटीत सांगितलेत की, आधी आमची काठी सिनेमात जाते आहे, आम्ही मागाहून जाऊ.

सिनेमात ती काठी कोणाची झाली, हे मी तुम्हाला सांगितले नाही. ती एका खुन्याची झाली. दिग्दर्शक राकेश सरांना तो माणूस शेवटपर्यंत दाखवायचा नव्हता, फक्त ऐकवायचा होता. मी संगणकावर दोन ठोक्यांमधले अंतर वाढवत नेले. प्रेक्षक ठोक्याला घाबरत नाही, बाबा. पुढचा ठोका येईपर्यंतच्या शांततेला घाबरतो. शेवटचा ठोका दारापाशी आणला आणि त्यानंतर काहीच ठेवले नाही. सर म्हणाले, पोरी, काटा आला अंगावर. शाळेत पहिली येऊनही मी इतकी सुखावले नव्हते.

लहानपणी याच आवाजावर आई चहाचे आधण ठेवायची, आणि धम्मदीप व मी, आम्ही दोघे भावंडे, दाराकडे धावायचो. तो आवाज मला इतका आपला होता, म्हणूनच तो इतका भयंकर करता आला.

मागच्या मंगळवारी मी दार उघडून उभी होते. तुम्ही दम घ्यायला थांबलात, ठोका थांबला, आणि मी दचकून मागे सरले. तुम्ही ते पाहिलेत.

तेव्हापासून तुम्ही काठी काखेत धरून, कठडा चाचपत चढता. आईने टोमणा मारला, चोरासारखे काय येता, आधण ठेवायचे तरी कधी? तुम्ही म्हणालात, आवाजाचा त्रास होतो एखाद्याला.

तो त्रास तुमचा नव्हे, मी घडवलेला आहे. सिनेमातून ती काठी काढून टाका, असे मी उद्या सरांना सांगणार आहे. ते ऐकतील की नाही, ठाऊक नाही. पण तुमचा गुडघा जिन्यात कधी दगा देईल, या भीतीने मला पुस्तकही वाचवत नाही. हे पत्र एवढ्याचसाठी: उद्या काठी टेकवत या, चांगली वाजवत. मी दारात असेन. दचकले, तरी मागे सरणार नाही.

तुमचीच,
चैताली