डोंबिवलीचे खरे वजन

रविवार, ५ जानेवारी २०२५. सकाळी ७.१०
वृत्तपत्रात स्थूल शहरांची क्रमवारी. डोंबिवली तिसरी! सर्वेक्षण ऑनलाइन, प्रत्येकाने आपले वजन आपणच सांगितलेले. कोणत्या काट्यावर, जेवणापूर्वी की नंतर, चपलांसह की अनवाणी, याचा उल्लेख नाही. चौतीस वर्षे शाळेत व्याकरण शिकवले. निराधार विधान कधी खपवून घेतले नाही.
मेहुणा विठ्ठल याचा कल्याणहून फोन. "भाऊजी, तुमच्याकडे रिक्षात मागे तिघे मावतात की दोघेच?" फोन ठेवला. प्रतिसर्वेक्षणाचा संकल्प केला.

रविवार, १२ जानेवारी
आम्हा उभयतांसह इमारतीतील बारा जण. काट्याची परीक्षा: पिठाची पाच किलोंची सीलबंद पिशवी ठेवली; ५.० दाखवले. काटा निर्दोष.
माझे वजन ८६.४. पैकी स्वेटर, चष्मा व भारदस्त हाडे यांचे साडेचार किलो वजा केले. सौ. कलावती ६१.२. म्हणाली, "अहो, माझीही हाडं वजा करा की!" नियम असे बदलता येत नाहीत, हे समजावले.

रविवार, १९ जानेवारी
कलावती ५९.६. डोंबिवलीची सरासरी घटत आहे!
दुसऱ्या मजल्यावरील हेमाने तिला विचारले, "काकू, कसलं डाएट चाललंय? एकट्याच बारीक होताय!" डाएट नाही. पानात अर्धे टाकते, इतकेच. संयम म्हणतात तो हाच.
संपादकांना पत्र: पहिला मसुदा.

गुरुवार, २३ जानेवारी
कन्या स्वप्ना ठाण्याहून आली. "बाबा, आई किती वाळलीये! डॉक्टरकडे न्या ना." निरीक्षण चालू असता मध्येच उपचार केल्यास आकडेवारी बिघडते, असे सांगितले. चपला घालताना ती काही पुटपुटली. त्यातील 'हट्टी' हा शब्द स्पष्ट ऐकू आला.

रविवार, २६ जानेवारी
कलावती ५७.७. काटा बिघडला असावा. पीठ ठेवले: ५.०. वाण्याकडून दुसरी पिशवी आणली: ५.०.
तिला तीनदा उभे केले. तिसऱ्या वेळी तिने भिंतीला हात टेकला. आधार घेतल्यास नोंद अग्राह्य, हे निदर्शनास आणून दिले. म्हणाली, "अहो, नाही टेकला तर पडेन मी."

रविवार, २ फेब्रुवारी
५५.९. बारा जणांत ही एकटीच घसरते आहे. अशा एका नोंदीने संपूर्ण सरासरी दूषित होते. तिचे नाव लाल शाईने वगळले. नमुना आता अकरांचा, सरासरी स्थिर.
क्रमवारी करणाऱ्यांनीही गैरसोयीच्या नोंदी गाळल्याच असणार. परंतु त्यांचा हेतू शुद्ध नव्हता.
चित्त स्थिर नाही. भांडी घासताना तिच्या बांगड्या आपोआप निसटतात. आज एक मोरीत फुटली. मी तुकडे गोळा केले.

मंगळवार, ४ फेब्रुवारी. सकाळी १०
पत्र पूर्ण. तेहतीस ओळी, एकही दोष नाही. टपालात टाकण्यास निघालो. कलावती बाजारासाठी सोबत होती. एक मजला उतरेपर्यंत ती जिन्यात दोनदा बसली.
पत्र खिशातच राहिले. स्वप्नाला फोन मीच केला.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
डॉक्टर सुमेधा वयाने स्वप्नाएवढ्या. वजन नक्की कधीपासून घटते आहे, असे त्यांनी विचारले. मी वही पुढे केली. "काका, इतकी चोख नोंद कुणी आणत नाही हो! पण ही लाल रेघ कशाची?"
काट्यात दोष वाटला, असे मी म्हणालो. स्वप्ना माझ्याकडे पाहत राहिली.
काट्यात दोष नव्हता. तो मी दोन पिशव्यांनी तपासला होता.

रविवार, ९ फेब्रुवारी. सकाळी ७
तपासण्यांचे अहवाल बुधवारी. पत्र फाडले. माझे वजन ८६.४, हाडांसह.
अकरा जणांपैकी कोणास बोलावले नाही. केवळ कलावतीस काट्यावर उभे केले. तिने भिंतीला हात टेकला नाही. माझ्या खांद्यावर ठेवला. ५५.१.
नोंद ग्राह्य.