प्रेमराजसाठी एक ओळ

२१ जुलै, सोमवार
आज आमच्या जळगावच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये ऐतिहासिक घटना. उद्या धुळ्यात संस्थेच्या अध्यक्षांचा सत्कार आहे. खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून एस.वाय.चा वर्ग बसने न्यायचा, असं प्राचार्यांनी प्रेमराजला फर्मावलं. प्रेमराज माझा जुना विद्यार्थी. तीन वर्षं आमच्याकडे तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवतो. तो शांतपणे म्हणाला, सर, उद्या दहाला माझा तास आहे, मी शिकवणार. बस्स. प्राचार्य लालबुंद. खोलीत तिसरा माणूस मी एकटाच. पेपर तोंडासमोर धरला होता, पण कान उघडे होते.

२२ जुलै
प्रेमराजवर ठपका आला. अरेरावी केली, अपशब्द वापरले म्हणे. चौकशी समिती ५ ऑगस्टला बसणार. निकाल विरुद्ध गेला तर त्याचे तास बंद. तो म्हणाला, सर, तुम्ही तिथे होता. 'प्रेमराजने अपशब्द वापरले नाहीत,' एवढी एक ओळ लिहून द्या. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, एक ओळ काय, इतिहास लिहून देतो.
तेवीस वर्षं राजकीय विचार शिकवतोय तो कशासाठी? उद्या सकाळी पहिलं काम हेच.

२४ जुलै
काल जमलं नाही. उत्तरपत्रिका होत्या. (दुपारी झोप लागली.)
नुसती ओळ फार उघडी पडते. तिला पार्श्वभूमी हवी. ग्रीकांपासून सुरुवात केली. अथेन्सचा नागरिक भर सभेत उभा राहून कसा बोलायचा, यावर तीन पानं. फ्लो छान लागलाय.

२७ जुलै, रविवार, सकाळी ९
रोमन आटोपले. मध्ययुगात अडकलो. पान अकरा.
नूतनने विचारलं, त्या पोराचं पत्र दिलं का. तिला निवेदनाची रचना समजावून सांगितली. आमची ही माहेरची धुळ्याकडची, चिडली की अहिराणीवर येते. म्हणाली, "बठ्ठा जगनं राजकारण तुमले माहीत शे, एक वळ लिखता येत नही?"
बायकांना मेथडॉलॉजी कळत नाही. मी पान बारा सुरू केलं.

३० जुलै
प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं. चहा, खारी. पुढच्या वर्षी विभागप्रमुख म्हणून तुमच्यासारखा समतोल माणूस हवा, म्हणाले. तिथेच ठणकावून सांगायचं ठरवलं होतं. पण तोंडात खारी होती. खारी खाताना बोलता येत नाही. ठसका लागला असता.

३ ऑगस्ट, रविवार
आज घरी कानबाई देवी बसली. सकाळी सातला प्रेमराज दारात. गावाहून, सावद्याहून, केळीचे खांब घेऊन आला होता. स्वतः बांधून दिले, पाट मांडायला मदत केली, नूतनच्या हातचा चहा घेतला. पत्राबद्दल अवाक्षर नाही. मी आतल्या खोलीत उगाच निरांजन शोधत राहिलो. त्याने विचारलं असतं तर बरं झालं असतं.
आरतीला हात जोडले आणि कानबाईकडे मागितलं काय, तर समितीची बैठक पुढे ढकलू दे. देवीसमोर इतकं भिकार मागणं मागताना लाज वाटली. मागितलं मात्र.

५ ऑगस्ट, दुपारी ४
बैठक पुढे ढकलली नाही.
माझी एकोणीस पानं. फ्रेंच राज्यक्रांतीपर्यंत आलो होतो, जळगाव यायला अवकाश होता. समितीच्या प्रमुखांनी गठ्ठा बाजूला ठेवला. म्हणाले, तोंडी सांगा, अपशब्द वापरले का? प्राचार्य खिडकीबाहेर बघत होते. मी म्हणालो, अपशब्द कशाला म्हणायचं हे काळानुसार बदलत आलं आहे. आवाज चढला होता असं कुणाला वाटू शकतं, नव्हता असंही वाटू शकतं.
कारकुनाने लिहिलं, 'आवाज चढला होता.' पुढचं लिहिलंच नाही. सही करताना मला ते दिसलं. दुरुस्ती सांगायला हवी होती. पण पेन त्यांचं होतं, परत द्यायची घाई झाली.


७ ऑगस्ट
प्रेमराजचे तास बंद. त्याचा पेपर माझ्याकडे आला. विषय मूलभूत हक्क. नाही म्हणणार होतो. पण मुलांचं नुकसान कशाला?

११ ऑगस्ट, सोमवार
एस.वाय.ची हेमलता स्टाफरूममध्ये आली. मुलांनी प्राचार्यांना पत्र लिहिलंय. सगळं मिळून तीन ओळी. सरांनी आमचा तास बुडवायला नकार दिला, त्यांनी कुणाला शिवी दिली नाही, त्यांना परत घ्या. खाली बेचाळीस सह्या, रोल नंबरसकट. त्याखाली थोडी जागा सोडलेली. सर, तुम्ही एकदा बघा, म्हणाली.
मी नीट बघितलं. लाल पेनने समासात लिहिलं, 'संदर्भ द्या. भाषा सौम्य हवी.' सवयीने दहापैकी सात मार्क दिले आणि कागद परत केला. तिने कागदाची घडी घातली. मग थँक यू सर म्हणून गेली. ती जागा कशासाठी सोडली होती हे मला कळलं, तोवर पोरगी जिना उतरून गेली होती.
खोटं. आधीच कळलं होतं.

१५ ऑगस्ट
ध्वजवंदनानंतर माझं भाषण. विषय 'निर्भय नागरिक'. काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन आपल्या फैजपूरला भरलं, साधीसुधी शेतकरी माणसं इंग्रजाला न भिता तिथे आली, वगैरे. अध्यक्षांनी पाठ थोपटली. टाळ्या पुढच्या रांगांतून आल्या. एस.वाय.ची मुलं मागे हाताची घडी घालून बसली होती. मी त्यांच्याकडे न बघता बोललो. भाषण चांगलं झालं, असं पुढचे म्हणाले.

१७ ऑगस्ट, रविवार, सकाळी ११
प्रेमराजचा फोन आला. उचलणार नव्हतो, नूतनने उचलून माझ्या हातात दिला.
सावद्याला मामाच्या केळीच्या वखारीत जातो म्हणाला. गाड्या भरून देतो. मागे हमालांचा आरडाओरडा चालला होता. गावी राहून बोलणंही गावचं झालंय त्याचं. म्हणाला, "सर, पोरायनं सांगितलं, पत्र तुमीच तपासून दिलं. आन कमिटीत तुमी माह्या बाजूनंच बोलले असान, मले ठाऊक आहे. बोलले ना?"
मी हो म्हणालो. लगेच म्हणालो. पार्श्वभूमी नाही, दुसरी बाजू नाही.
तो म्हणाला, सर, मग मला काही वाईट नाही वाटत.
नूतन समोर बसून भेंडी चिरत होती. तिने मान वर केली नाही.