माहेरचा गोटा

२३ ऑगस्ट
आज गोटमार, पांढुर्णा आणि सावरगावची नदीच्या दोन काठांवरून दगडफेकीची जत्रा. दुपारपर्यंत जांब नदीत डोकी फुटून राहिली होती, पाण्याला रक्ताचे ओघळ. मी आपला पांढुर्ण्याच्या काठावर उभा, शाळेतली नदीची कविता पुटपुटत. सावरगावकडून गोटा आला, नडगीवर बसला. हाड दिसलं. दवाखान्याच्या मांडवातला कंपाउंडर सुई भरून तयार. बायको, सु., गर्दी फाडत आली, त्याचा हात पिरगाळला. "पेनिसिलीन आहे का थे? यायले चालत नाही! नव्या लग्नात तिगावले सुई घेतली तं श्वास कोंडला, तोंड निळं पडलं!" टाके. दुसऱ्या गोळ्या.
घरी येताना म्हणते, "माह्या माहेरचा गोटा आहे. सांभाळून ठेवा."

२८ ऑगस्ट
पिंढरीपर्यंत पाय लालभडक. पू. ताप. गोळ्या लागून नाही राहिल्या. सु.चा भाऊ नाना सावरगावहून आला, खिशात उरलेल्या कॅप्सूल. "भाऊजी, माह्या दाढेची सूज यानंच बसली. घ्या." ठणका असा की मी हात पुढे केला. सु.नं पाकीट हिसकलं, नाव वाचलं. अमॉक्सिसिलिन.
"पेनिसिलीनचाच सख्खा भाऊ आहे हा! गोट्यानं नाही मेले, तं आता गोळीनं मारतं का रे?"
पाकीट नानाच्या तोंडावर.
नाना गाल चोळत, "बाई, नेम अजून सावरगावचाच आहे तुहा."
हसलो, तर टाक्यात कळ—

३० ऑगस्ट
पू तपासून आला. डॉक्टर म्हणतात, पेनिसिलीनच्याच घराण्यातलं औषध नीट लागू पडेल. नाही तर पाय चिरावा लागेल. जुनी अ‍ॅलर्जी कधी कधी निघून जाते म्हणे. नागपूरला दवाखान्यात, डोळ्यांसमोर तपासतील. "घरी चाखून पाहायचं नाही."
सु. भांडी आपटून राहिली. ते निळं तोंड तिनं पाहिलंय, मी नाही.

२ सप्टें., नागपूर
कातडीवरची चाचणी साफ निघाली. आता थोडासा डोस पोटात. नर्स उताऱ्याची सुई भरून समोर बसलेली. सु. माझ्या ओठांकडे पाहून राहिली. जन्मभर "पुरे थे कविता" म्हणणारी आज म्हणते, "म्हणत राहा. आवाज बदलला की मले समजते."
म्हणून राहिलो, लिहून राहिलो. पहिलं कडवं झालं. गळ्याशी खाज आहे, की नुसती भीती? दुसरं कडवं येऊन नाही राहिलं. पाठ होतं, चौथीपासून पाठ.
सु. उठून उभी, नर्सचा हात धरून, "आवाज बदलला यायचा!"