सोनाळ्याला सायकलनेच

२० सप्टेंबर १९६४. पहाटे ५.
आजपासून सुरुवात. वैशाखात पंचफुलाच्या लग्नात पोरगी निघताना रडायची थांबेना, तेव्हा मी भर मांडवात शब्द दिला होता: दिवाळीला मी स्वतः सायकलवर सोनाळ्याला येईन आणि तुला कॅरिअरवर बसवून मोताळ्याला आणीन. ती रडता रडता हसली. व्याही शेषरावही हसले. ते हसणं वेगळं होतं.
अंतर बावन्न मैल. माझं वय सत्तेचाळीस. प्रश्न पायांचा नाही, स्टॅमिन्याचा आहे. प्लॅन: पहिला आठवडा रोज पाच मैल, मग दहा, मग वीस. दिवाळीपर्यंत बावन्न म्हणजे किरकोळ.

सकाळी ८.
दोन मैल झाले. पहिल्याच दिवशी शरीराला घाबरवू नये.

२२ सप्टेंबर.
पितृपक्ष लागला. नव्या कामाला बरा नाही. गोजरबाई म्हणाली, काम तर परवाच सुरू झालं ना, मग नवं कसं? आमच्या सौभाग्यवतींना वाद फार येतो.

२९ सप्टेंबर.
सीट कडक आहे. आज चारही तास वर्गात उभ्यानेच शिकवलं. पोरं चिडीचूप. त्यांना वाटलं, आज इन्स्पेक्शन आहे.

३ ऑक्टोबर.
सरकारने मैल काढून किलोमीटर आणले ते फार चांगलं केलं. माझे रोजचे तीन मैल म्हणजे जवळजवळ पाच किलोमीटर. आकडा पाचच ठरला होता. टार्गेट पूर्ण.

९ ऑक्टोबर. संध्याकाळ.
आजपासून वजन घेऊन प्रॅक्टिस. येताना मागे पंचफुला असणार, म्हणून कॅरिअरला ज्वारीचं पोतं बांधलं. गोजरबाई म्हणाली, "बांधलंच हाय तं चक्कीवर जाऊन दळून आना." गेलो. वळणावर पोतं सुटलं. कोंबड्या कुठून जमल्या देव जाणे. अर्धी ज्वारी आणि अर्धी माती घेऊन घरी आलो. शिकलो एवढंच की दोरी चांगली हवी. पंचफुला काय, धरून बसेल.

१५ ऑक्टोबर. दसरा.
सायकल धुतली, हळदकुंकू वाहिलं, हँडलला झेंडूची माळ घातली. पूजा केलेल्या वस्तूवर त्याच दिवशी बसू नये.

१८ ऑक्टोबर. रविवार.
शेषरावांना कार्ड टाकलं: "३१ तारखेस दुपारी बारापर्यंत सायकलने पोहोचतो. मुलीची तयारी ठेवावी." कार्ड पडलं तेव्हा पेटीत आवाज झाला. 
घरी सांगितलं. गोजरबाई भाकऱ्या थापत होती. थापता थापताच म्हणाली, "यष्टीनं गेलं तं काऊन कमीपना येते तुमाले? पोरगी सा महिने झाले दिसली नाही मले." मी म्हणालो, प्रश्न कमीपणाचा नाही, शब्दाचा आहे. ती म्हणाली, "शब्द तुमचा. पोरगी दोघाची हाय."
उद्यापासून रोज दहा मैल. नक्की.

२५ ऑक्टोबर. रविवार.
फायनल टेस्ट: सोनाळ्याच्या वाटेवरचं नांदुरा, पंधरा मैल, जाऊन-येऊन तीस. सहा मैल उत्तम गेले. मग वारा समोरून लागला. एका निंबाखाली पाच मिनिटं टेकलो. जागा झालो तेव्हा सावली सरकून ऊन तोंडावर आलं होतं. मोताळ्याकडे कापसाची बैलगाडी चालली होती. गाडीवान स्वतःहून म्हणाला, बसा मास्तर. सायकल कापसावर, मी सायकलीशेजारी. आल्यावर गोजरबाईला सांगितलं, टेस्ट समाधानकारक. तिने माझ्या केसांतला कापूस काढला, चिमटीत धरून पाहिला आणि वातीसाठी डबीत ठेवला.


३१ ऑक्टोबर. पहाटे ४.
निघतो. गोजरबाईने करंज्यांचा डबा हँडलला बांधला आहे. व्याह्यांसाठी चिवडा वेगळा. ती दारात उभी आहे. फार दिवसांनी अशी हसली.

दुपारी १.
घरी. आठ मैलांवर चेन कुरकुरायला लागली. अशा चेनवर पोरीला बसवणं बेजबाबदारपणा ठरला असता. ट्रकवाल्याने आणून सोडलं. सायकल दुकानाच्या रंगरावला चेन दाखवली. त्याने पायडल हाताने फिरवून पाहिलं. "चैन तं ठीक हाय मास्तर. तुमचाच चेहरा उतरला हाय." मी म्हणालो, तेल घाल.
उद्या रविवार. ताज्या दमाने.

१ नोव्हेंबर. सकाळी ९.
उठताना गुडघा वाकेना. गोजरबाईने ठेवणीतलं लुगडं नेसलं, पिशवी घेतली. "मी जाते यष्टीनं. आज रातच्याला तिथंच राहीन, उद्या दोघी संगंच येतो." मी म्हणालो, तू गेलीस तर शेषराव जन्मभर हसतील. माझ्या शब्दाचं काय? ती पिशवी घेऊन उंबऱ्यावर बसली. गाडीचा हॉर्न वाजला. गाडी गेली. तरी ती बराच वेळ बसूनच होती.
मी आतून पाहत होतो. चुकलो असं नाही. पण तिला जाऊ द्यायला हरकत नव्हती.

२ नोव्हेंबर. दुपारी ४.
पंचफुला आली.
आमचे जावई कारभारी तिला घेऊन आले. सायकलवर. कॅरिअरवर गोधडीची घडी, त्यावर ती, मांडीवर ट्रंक. पहाटे अंधारात निघाले होते. त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता, पण दम लागलेला नव्हता. मी म्हणालो, पूर्ण बावन्न मैल? ते ओशाळून म्हणाले, "वारा मांगून होता, मामाजी." पाणी प्यायले, दोन भाकरी खाल्ल्या. शेतात वेचणीला बाया सांगितल्या आहेत म्हणून लगेच निघतो म्हणाले. पाडव्याला परत येतील. सायकलनेच.
गोजरबाईने पोरीला दारातच धरून ठेवलं होतं. पोर वाळली आहे.
मी चेनचं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात कारभारी म्हणाले, "ताप उतरला का, मामाजी?"
मला कळेना. पंचफुला जमिनीकडे पाहत म्हणाली, "मीच सांगतलं तिकडं. बाबा आजारी असतीन म्हनून आले नाहीत. नाही तं आलेच असते."
कारभारींनीच सांगितलं, दोन दिवस ती ट्रंक भरून ओसरीवर बसली होती. शेषराव सारखे विचारायचे, कुठवर आली सायकल?
 गोजरबाई पुढे झाली. माझ्या कपाळावर हात ठेवला. माझं अंग थंड होतं. जावयाकडे वळून ती म्हणाली, "हाव, कणकण हाय अजून."
मग मी गोधडी पांघरून पडलो.

३ नोव्हेंबर. पहिली आंघोळ.
आजाऱ्याला पहाटेचं न्हाणं नाही. पलीकडे मायलेकी एकमेकींना तेल लावत होत्या. पाण्याचा आवाज, हसण्याचा आवाज. मी पडून होतो.
उजाडल्यावर पंचफुला काढा घेऊन आली. पायाशी बसली आणि गुडघे चेपू लागली. ताप आहे की नाही, हे तिने विचारलंच नाही.
मी म्हणालो, अर्ध्या वाटेपर्यंत आलो होतो, बाई.
ती म्हणाली, "हाव बाबा."
अर्धी वाट नव्हती ती. नांदुरासुद्धा आलं नव्हतं.